हिमालयन खोलण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

कोल्हापूरहून रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन मोटरसायकल आणलीस हे तुझ्या बाबांकडून कळलं. तू पाठवलेले फोटोही बघितले. टाकीवरचे ओरखडे आणि वाकलेला गार्ड सोड, त्यावरून गाडीची खरी तब्येत कळत नाही. 2018 ची गाडी, मीटरवर साठ हजारांच्या पुढचा आकडा, आणि जूनमध्ये मनालीवरून लेह. एवढं मला पुरे. पण 'आधी इंजिन पूर्ण खोलून घेतो, मग बाकीचं बघतो' असं लिहिलंस, तिथे माझं तुझ्याशी जमत नाही.

या इंजिनाची रचनाच सावकाश चालण्याची आहे. 411 सीसी, बोअर (सिलिंडरची आतली रुंदी) 78 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 86, म्हणजे लांब स्ट्रोकचं. ताकद फक्त 24.5 अश्वशक्ती. एवढ्या सीसीतून एवढंच काम घेतलं की इंजिन दमत नाही, फक्त तेल वेळेवर बदललेलं हवं. साठ हजारात अशा गाडीचं जे झिजतं ते बहुतेक खाली झिजतं: कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश, चाकांचे बेअरिंग, चेन किट, ब्रेक. सगळे पैसे इंजिनात घातलेस तर या गोष्टी 'चालतंय की' म्हणून तशाच राहतील. मग चकचकीत इंजिनाची गाडी लेहच्या रस्त्यावरच्या मोरे प्लेन्स पठाराच्या वाटेवर पुढचं चाक डुगडुगत उभी राहील.

तरी इंजिनाला विचारायचं असेल तर न खोलता विचार. सकाळी थंड गाडी सुरू करताना निळा धूर एकदा येऊन गेला, तर व्हॉल्व्ह सील. चढावर थ्रॉटल पिळताना निळा धूर येतच राहिला, तर पिस्टनच्या रिंग. मग प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) लाव. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मार आणि आकडा लिहून ठेव. नंतर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडून परत मार. आकडा चांगला वाढला तर रिंग किंवा बोअर गेलाय, आकडा कमी असूनही वाढलाच नाही तर व्हॉल्व्हकडे बघ. मुळात आकडा किती यापेक्षा दोन आकड्यांत फरक किती, हे महत्त्वाचं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, मात्र काहीही झालं तरी तपास, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, फीलर गेजने, पुस्तकातल्या मापाला. 'कानाने लावतो' म्हणणारा मिस्त्री भेटला तर नमस्कार कर आणि गाडी परत आण.

रिंगच गेल्या असतील तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जा. क्रँकपासून हायड्रॉलिकपर्यंत काय काय बनवणारी माणसं तिथे आहेत, चांगला बोअर मारणारा (सिलिंडर आतून कापून मापाला आणणारा) शोधायला फार फिरावं लागणार नाही. फक्त पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारू देऊ नको. पिस्टन मोजायचा आणि त्याच्या मापाला बोअर मारायचा, उलटं नाही. बोअर मारल्यावर होनिंगच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसल्या पाहिजेत, तेल त्याच रेघांत धरून राहतं. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी एकेक करून बोअरमध्ये सरळ बसव आणि टोकांमधली फट मोज. फट नसलेली रिंग तापली की बोअर ओरबाडते. हे सगळं स्वतः कर असं मी म्हणत नाही, पण मोजताना तिथे उभा राहा आणि आकडे वहीत लिहून घे.

आता खालचं. गाडीला डबल स्टँड आहे, त्याचा उपयोग कर. पुढचं चाक उचल आणि हँडल अगदी हळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरव. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोन सेट संपला. मग फोर्क खालून धरून पुढे-मागे हलव, टकटक लागली तरी तेच. नवा घालताना टेपर रोलरचा घाल. कप ठोकून काढताना आणि बसवताना घाई करू नको, तिरका बसलेला कप महिनाभरात परत त्रास देतो. फोर्कचे ऑइल सील आणि तेल त्याच बैठकीत बदल. नाहीतरी सगळं खोललेलंच असतं.

मागे मोनोशॉक, म्हणजे एकच शॉक ॲब्सॉर्बर, आहे आणि त्याला जोडलेली लिंकेज. सगळ्यात दुर्लक्षित जागा तीच. आपल्याकडची लाल माती पावसात लिंकेजच्या बुशमध्ये शिरते, सुकते आणि ग्रीस खाऊन टाकते. पिना काढ, गंजल्या असतील तर बुशसकट बदल, नसतील तर साफ करून ग्रीस भर. चिमटा दोन्ही हातांनी आडवा हलवून बघ. चाकाच्या हबमधले रबर आणि स्प्रॉकेटमागचं बेअरिंग पण काढून बघ. थ्रॉटल सोडला-धरला की गाडी धक्का देते ती बहुतेक याच रबरांमुळे, आणि लोक उगीच क्लचला दोष देतात. चेन बदलशील तर पुढचं-मागचं स्प्रॉकेट तिच्याबरोबरच बदल.

आऱ्यांना पान्याने टिचकी मारत जा. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा, ज्याचा बद्द येतो तो सैल. पुढचं चाक 21 इंची, मागचं 17, दोन्ही ट्यूबचे. लेहच्या रस्त्यावर पंक्चर काढणारा हाकेवर नसतो, तेव्हा टायर लिव्हर घेऊन दोन्ही चाकं घरच्या अंगणात स्वतःच्या हाताने उतरव आणि चढव. ट्यूब लिव्हरखाली चिमटली जाईल, जाऊ दे. इथेच जाऊ दे.

ब्रेकचं तेल डॉट 4, आणि ते हवेतली ओल ओढतं. नवं असताना त्याचा उकळबिंदू किमान 230 अंश, ओल धरली की तो 155 पर्यंत उतरू शकतो. इतके पावसाळे काढलेल्या गाडीत जुनं तेल असेल तर लांब उतारावर लिव्हर मऊ पडते. पूर्ण काढून नवं भर, आणि कॅलिपरच्या सरकपिना साफ करून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लाव.

वायरिंगबद्दल फार लिहीत नाही. मागच्या मालकाने लावलेले जादा दिवे आणि त्यांच्या टेप गुंडाळलेल्या जोडण्या काढून टाक, अर्धे आजार तिथेच मिटतील. या गाडीला किक नाही. म्हणून बॅटरी नवी घे आणि इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लाव. रेस केल्यावर साधारण चौदा व्होल्ट दिसले पाहिजेत.

एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे. 2016 च्या पहिल्या हिमालयनला कार्ब्युरेटर होता, उंचीवर हवा विरळ झाली की तो पेट्रोल जास्तच देत राहतो. तुझी इंजेक्शनची आहे, ती आपलं आपण जमवून घेते. ताकद मात्र कुठल्याच गाडीची वाचत नाही. लेहच्या वाटेवरची टांगलांग ला खिंड 5,328 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे कागदावरच्या 24.5 मधली साधारण अर्धीच हातात राहते. क्लच प्लेट थोड्या जरी घसरत असतील तरी तिथे कळेल, आणि मागे बांधलेलं सामान तर कळेलच. लोखंडी पेट्या, दोन-दोन कॅन, कॅमेऱ्यांचे स्टँड, हे सगळं बेळगावातच उतरव. मनालीच्या पुढे तांदीच्या पंपावरची 'पुढचा पंप 365 किलोमीटर' ही पाटी प्रसिद्ध आहे. तुझी टाकी 15 लिटरची, त्यावर एक छोटा कॅन खूप झाला.

खोलण्याआधी पार्टची यादी करून मागवून ठेव. एका ऑइल सीलसाठी आठवडाभर उघडी पडलेली गाडी बघणं फार वाईट. बोल्ट पुठ्ठ्यावर, निघाले त्याच आकारात टोचून ठेव. ॲल्युमिनियमचे आटे लवकर जातात, तेव्हा टॉर्क पाना विकत घे. महाग वाटला तर हेल्मेटचं स्टिकर आणि गाडीचा रंग रद्द कर.

गाडी मार्चअखेर जोडून झाली पाहिजे, म्हणजे एप्रिल-मे चालवून बघायला मिळतील. पहिली फेरी रिकाम्या गाडीने जांबोटी, कणकुंबी, चोर्ला उतरून साखळी आणि परत. उतारावर ब्रेक, चढावर क्लच, आणि मधल्या खराब पट्ट्यात कोन सेट, तिन्ही एका दिवसात बोलतात. घरी आल्यावर प्रत्येक नटला पाना लाव, काही ना काही सैल निघेलच. बोअर मारला असेल तर पहिल्या पाचशे किलोमीटरला तेल बदल. दुसरी फेरी लेहला न्यायचं सगळं सामान बांधून संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली. मुक्काम कर, सकाळी थंड गाडी सुरू कर, मग ये. त्याआधी कधी गाडी काढलीस तर अंधार पडायच्या आत घरी पोच. गळीत हंगाम चालू आहे, आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला मागे दिवा असेलच असं नाही.

कागदांचं तू काहीच लिहिलं नाहीस. गाडीला एमएच 09 नंबर आहे आणि तू राहतोस खानापुरात. आधी कोल्हापूर आरटीओकडून एनओसी, म्हणजे फॉर्म 28, काढ, आणि गाडी नावावर करून घे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांवर ठेवली की तिथली नोंदणी करावी लागते, आणि कर्नाटकाचा टॅक्सही भरावा लागतो. सीमेच्या अलीकडे-पलीकडे आपल्या सोयरिका चालतात म्हणून नंबर प्लेट चालत नाही. हे काम इंजिनापेक्षा जास्त दिवस खातं, तेव्हा याच आठवड्यात सुरू कर.

रविवारी गाडी घेऊन ये. येताना धुऊन आणू नको, तेल कुठून गळतंय ते मला बघायचं आहे.

तुझा,
काका

ता. क. क्लचची नवी केबल जुनीच्या शेजारून आत्ताच ओढून टेपने बांधून ठेव, जुनी तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. आणि दुसरी किल्ली स्वतःच्या बॅगेत नको, सोबत येणाऱ्या मित्राच्या बॅगेत ठेव.