घरची भाषा, शाळेचं माध्यम आणि एक आलेख

प्रश्न : सर, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या घरांची पाहणी केली. घरची भाषा (मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू) आणि मुलाच्या शाळेचं माध्यम यांना १, २, ३ असे आकडे देऊन एक्सेलमध्ये सहसंबंध (एक आकडा वाढला की दुसराही वाढतो किंवा घटतो का, याचं माप) काढला, तो जवळजवळ शून्य आला. म्हणजे दोन्हींचा संबंधच नाही का? आलेखात काय दाखवू?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : त्या शून्यावरून काहीच ठरत नाही. मराठीला १ आणि उर्दूला ४ तू दिलेस. उद्या क्रम बदललास तर उत्तरही बदलेल. भाषांत लहान-मोठी कुठली? आकडे काढून टाक, नावंच ठेव.

'आर' हे आकडेवारीचं मोफत सॉफ्टवेअर घे. 'टेबल' आज्ञेने भाषा आणि माध्यम यांचा तक्ता कर आणि तो 'मोझॅकप्लॉट'ला दे. प्रत्येक भाषेची एक उभी पट्टी येईल. घरं जितकी जास्त, तितकी पट्टी रुंद. मग प्रत्येक पट्टी माध्यमांप्रमाणे आडवी कापली जाते. संबंध नसेल तर सगळ्या पट्ट्यांतले काप एका पातळीत येतात. असेल तर वर-खाली होतात, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसतं.

'शेड' हा पर्याय सुरू केलास की रंगही भरतात. समजा २०० घरं, त्यांत १२० मराठी, आणि एकूण ८० मुलं मराठी माध्यमात. संबंध नसता तर मराठी घरांतली मराठी माध्यमाची मुलं १२० × ८० ÷ २००, म्हणजे ४८ असती. निघाली ६६. फरक १८, त्याला ४८ च्या वर्गमुळाने भागलं की साधारण २.६. दोनच्या पुढे फिकट निळा, चारच्या पुढे गडद. अपेक्षेपेक्षा बरीच कमी असतील तिथे लाल.

कोकणी घरं थोडी म्हणून ती मराठीत मिसळू नकोस. त्यांनी तुला कोकणी सांगितलंय, ते तसंच राहू दे.

आता मला खरी काळजी आहे ती पुढच्या गोष्टीची. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे १९७३ चे प्रवेश बघ. 'आर'मध्ये ते आयतेच आहेत. सहा मोठ्या विभागांत मिळून पुरुष अर्जदारांपैकी साधारण ४५ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी ३० टक्क्यांना. विभागवार पाहिलं तर सहापैकी चार विभागांत स्त्रियांचंच प्रमाण जास्त! जिथे प्रवेश अवघड, तिथेच स्त्रियांचे बहुतेक अर्ज होते, म्हणून एकत्र केलेला आकडा फसवा निघाला.

आपल्या भागात तो 'विभाग' म्हणजे जवळची शाळा. जांबोटी-कणकुंबीकडच्या रानातल्या वाडीवरचं मूल जी शाळा चालत गाठता येते तिथे जातं. खानापूर शहरातल्या आईबापांना निवड करता येते. दोघांना एकाच चौकोनात कोंबून 'मराठी घरांनी मराठी शाळा सोडली' असं लिहिलंस, तर त्या वाडीवरच्या माणसांवर अन्याय होईल. म्हणून 'चालण्याच्या अंतरावर मराठी शाळा आहे की नाही' हा तिसरा रकाना घाल, आणि 'आर'ला जोडायच्या 'व्हीसीडी' पॅकेजातल्या 'कोटॅबप्लॉट'ने दोन वेगळे आलेख काढ. पाहणीत हे विचारलं नसशील तर गावांची यादी घेऊन आत्ता भरून घे. प्रत्येक आलेखाखाली घरांची संख्या मात्र लिही.