क्वेबेक सिटीच्या हिवाळी सहलीची आखणी

मुलांना घेऊन पहिल्यांदाच कॅनडातील क्वेबेक सिटीला निघत असाल, तर नाताळच्या रोषणाईसाठी डिसेंबर घ्यायचा की हिवाळी कार्निव्हलसाठी फेब्रुवारी, हे आधी ठरवावे, कारण हॉटेलांचे दर आणि गर्दी त्यावरच अवलंबून असतात. माझे मत विचाराल तर फेब्रुवारीच बरा. तेव्हा बर्फाचे हॉटेलही पाहता येते.

खरी काळजी कपड्यांची घ्यावी. पारा उणे २० अंशांच्या खाली जाऊ शकतो आणि सेंट लॉरेन्स नदीवरून येणारा वारा त्याहून बोचरा असतो. एक जाडजूड स्वेटर घालण्यापेक्षा अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा पातळ थर, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट घालावे. सुती बनियन आणि सुती मोजे कटाक्षाने टाळावेत, कारण ते घामाने ओले झाले की अंग गारठते. लहान मुलांना बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र राहणारे मोजे अधिक ऊबदार पडतात.

मुक्काम शक्यतो जुन्या तटबंदीच्या आत करावा, म्हणजे शातो फ्रोंतनाक या किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या प्रसिद्ध हॉटेलाजवळच्या दुफेरँ टेरेसवरील बर्फाची घसरगुंडी खेळून मुले दमली की लगेच खोलीवर परतता येते. ८३ मीटर उंचीचा माँमोरान्सी धबधबा मात्र शहराबाहेर आहे, त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. भाड्याने गाडी घेतल्यास लक्षात असू द्या, १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात तेथील गाड्यांना हिवाळी टायर सक्तीचे आहेत. दुकानात शिरताना आधी ‘बाँजूर’ (फ्रेंचमधला ‘नमस्कार’) म्हणावे. पुढचे बोलणे बहुधा इंग्रजीत निभावते.