हिरव्या रश्श्यातला जवळा

प्रश्न : ताई, लेकीला नोकरी लागली म्हणून गेल्या महिन्यात तिने आम्हा सगळ्यांना शहरातल्या एका थाई रेस्टॉरंटमध्ये नेलं. शनिवारी तिथे पाऊण तास बाहेर ताटकळावं लागतं, इतकं ते चालतं. सासूबाई माळकरी, वय पंचाहत्तर. मेनूकार्डावर ‘व्हेज’ बघूनच ग्रीन करी आणि कच्च्या पपईचं सॅलड मागवलं. सासूबाईंनी दोनदा भात घेतला. ‘ओल्या नारळाच्या रश्श्यासारखंच लागतंय की गं,’ म्हणाल्या. निघताना मी वेटरला सहज विचारलं, सॅलडला हा वास कसला? तर म्हणतो, ‘मॅडम, फिश सॉस आहे, पण तुकडे नाहीत.’ नशीब, सासूबाई तेव्हा हात धुवायला गेल्या होत्या. नवरा म्हणतो, पोटात गेलं ते गेलं, कशाला सांगतेस? पण परवा एकादशीला त्यांच्यासमोर बसून खिचडी खाताना माझा घास घशाखाली उतरेना. सांगू की नको? आणि थाई जेवण शाकाहारी असतं तरी का?
— एक सून, पुणे

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर मी स्वतःच्या जिभेने मिळवलेलं आहे. ह्यांच्या नोकरीपायी आम्ही सहा वर्षं बँकॉकला होतो, सिलोम रस्त्याच्या जवळ. मी देशावरच्या शाकाहारी घरातली. पहिले दोन महिने कोपऱ्यावरच्या गाडीवाल्या बाईला मी पाठ केलेल्या थाईत ‘मांस नको’ म्हणायचे. ती हसून मान डोलवायची आणि कोबी-मशरूम परतून द्यायची. इतकी चव माझ्या हाताला का येत नाही, याचं मला कोडं पडायचं. एक दिवस जरा वाकून कढईकडे पाहिलं. कोबीवर तिने बाटली तिरकी केली, चांगली दोनदा. बाटलीवर माशाचं चित्र.

ती ‘नाम प्ला’. मांदेलीच्या जातकुळीतले बारीक मासे मिठात घालून महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहून जास्त मुरवतात आणि त्याचं सुटलेलं पाणी गाळून घेतात. आपण जिथे चिमूटभर मीठ टाकतो, तिथे थाई बाई ही बाटली तिरकी करते. तिच्या लेखी तो मासा नव्हेच, मीठ आहे. त्यामुळे तुमचा वेटर खोटं बोलला नाही. त्याच्या हिशेबात मासा म्हणजे तुकडा. चूक त्याची नाही, मेनूकार्डावर ‘व्हेज’ छापणाऱ्याची आहे, आणि ती चूक मी माफ करणार नाही.

पपईचं सॅलड म्हणजे ‘सोम तम’. लाकडी किंवा मातीच्या खोलगट खलात लसूण-मिरची ठेचायची, ताडगूळ, लिंबू आणि नाम प्ला घालायचं, चवळीच्या शेंगांसारख्या लांब शेंगांचे तुकडे, टोमॅटो, शेंगदाणे, कच्च्या पपईचा कीस, आणि बहुतेक वेळा मूठभर सुकट. सुकट काढून टाकली की खूपशा हॉटेलांत त्याला ‘व्हेज’ म्हणतात. बाटली राहते.

आता जे तुम्ही विचारलंच नाहीत ते सांगते. सासूबाईंनी दोनदा घेतली ती ग्रीन करी. तिच्या वाटणात हिरव्या मिरच्या, गवती चहाचा बुंधा, लसूण, छोटे कांदे, कोथिंबिरीची मुळं, धणे-जिरे, पांढरी मिरी असं सगळं आपल्या ओळखीतलं असतं. शिवाय असतं ‘कापी’. कापी म्हणजे मीठ लावून, उन्हात वाळवून, कुटून आंबवलेला जवळा. हो, आपल्या कोळीणबाईच्या टोपलीतला असतो तसाच जवळा. लाल करीच्या वाटणात कापी, मस्समान नावाच्या करीच्याही वाटणात कापी. वर टोफू तरंगतोय की कोंबडी, याने काही फरक पडत नाही, कारण वाटण बहुधा एकाच डब्यातून येतं. म्हणून थाई ठिकाणी ‘ही डिश व्हेज आहे का?’ असं विचारून उपयोग नाही. ‘वाटण तुम्ही स्वतः करता की तयार आणता, आणि त्यात जवळा आहे का?’ असं विचारायचं. दुसरं, नाम प्लाऐवजी काय घालता? तिसरं, परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, असतो का? आणि हे शनिवारी रात्री आठ वाजता वेटरला विचारू नका. त्याला सात टेबलं सांभाळायची असतात, तो हो म्हणून मोकळा होतो. दुपारी चारच्या सुमाराला फोन करा आणि भटारखान्यात द्यायला सांगा. आपल्याकडे जैन मंडळींमुळे वेगळं वाटण करून सोया सॉसवर भागवणारी ठिकाणं आहेत. तिथला आचारी न अडखळता सांगतो, आणि अडखळला तर तेही उत्तरच.

बँकॉकला माझी सुटका शेजारच्या शिक्षिकाबाईंनी केली. त्यांनी मला एकच शब्द शिकवला, ‘जे’. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. जे म्हणजे मांस-मासे-अंडं-दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणसुद्धा नाही. परक्या देशात चातुर्मास भेटल्यावर माझे डोळेच भरून आले. त्यांचा नऊ दिवसांचा जे-उत्सव बऱ्याच वर्षी आपल्या नवरात्राच्याच सुमाराला येतो. यावरात या चिनी पेठेत रस्ताभर पिवळ्या पताका लागतात, आणि इकडे सिलोमवरच्या मारिअम्मनच्या देवळातून दसऱ्याच्या सुमाराला देवीची मिरवणूक निघते. त्या नऊ दिवसांत मी काही न विचारता रस्त्यावर जेवले. उरलेले दिवस पताका शोधत फिरले.

आता पहिला प्रश्न. सांगा.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मला कळतं, पण ती माळ सासूबाईंच्या गळ्यात आहे, त्यांच्या नाही. झालं त्याचं काय करायचं हे त्या ठरवतील. एक दिवस उपास करतील, आळंदीला जाऊन येतील, नाहीतर ‘विठ्ठलाला ठाऊक आहे मी मागितलं नव्हतं’ म्हणून सोडून देतील. ते ठरवायची संधीच आपण त्यांच्याकडून काढून घेतली, हे मला पटत नाही. शिवाय लेकीचा पुढचा पगार होईल, ती पुन्हा हौसेने तिथेच नेईल, आणि सासूबाई पुन्हा तीच करी मागतील. तेव्हा काय कराल?

फक्त लेकीसमोर सांगू नका, तिच्या पहिल्या पगाराचं जेवण आहे ते. आणि संध्याकाळी, हरिपाठ झाल्यावरही नको. सकाळी भाजी निवडताना सांगा, हात कामात असले की बोलणं सोपं जातं. ‘आपण’ फसलो असं म्हणा. मी माझ्या सासूबाईंना केकमध्ये अंडं होतं हे तीन आठवडे झुरून सांगितलं होतं. त्या मेथीची जुडी सोडवत म्हणाल्या, ‘मला तेव्हाच वास आला होता. म्हटलं, तू कधी सांगतेस ते बघू.’

एक गोष्ट मात्र त्यांना सांगू नका. थाई लोक ‘क्रफाव’ नावाचं पान खिम्यात परततात, भाताबरोबर खातात, वर तळलेलं अंडं. ते पान म्हणजे आपली तुळस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टेबलावरून उठले होते.

प्रश्न : मित्रांबरोबर थाई हॉटेलात गेलो. मी चमच्याने खाल्लं म्हणून सगळे हसले, ‘चॉपस्टिक माग’ म्हणाले. खरी पद्धत कोणती?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हसू त्यांनाच यायला हवं. थायलंडमध्ये भात चमच्यानेच खातात. उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा, आणि काट्याने घास चमच्यावर लोटायचा. काटा तोंडात घालत नाहीत. चॉपस्टिक प्रामुख्याने नूडल्सच्या वाडग्यापुरत्या, ती चिनी वाट आहे. आणि चिकट भात असेल तर सरळ हाताने, बोटांनी गोळी करून. तुम्ही नाशिककर, तुम्हाला ते शिकवायला नको. अजून एक, प्रत्येकाने आपापली करी मागवून आपापल्या ताटात ओतायची नसते. सगळं मध्ये ठेवतात आणि दोन-दोन चमचे घेत राहतात, आपल्या पंगतीपेक्षा एकत्र कुटुंबाच्या जेवणासारखं.

प्रश्न : घरी ग्रीन करीचं वाटण केलं, पण हॉटेलसारखा वास येत नाही. गवती चहा भरपूर घातला होता.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पाती घातलीत ना? पाती चहाला. वाटणाला बुंध्याचा खालचा पांढरट, जाड भाग लागतो, तोही बारीक कापून, नाहीतर दोरे दाताखाली येतात. कुंडीतल्या गवती चहाचा बुंधा बारीक असतो, म्हणून बाजारातून जाड बुंध्याचा आणा. दुसरं, तिथे आल्याऐवजी त्याचं भावंड असतं. गवई लोक आवाजासाठी तोंडात धरतात त्या कोष्ठकोळिंजनाचा ओला कंद. काष्ठौषधीच्या दुकानातला वाळका तुकडा वाटणाला चालत नाही. ओला मिळाला नाही तर निम्म्या मापाने आलं घाला आणि वास थोडा वेगळा येणार हे धरून चाला. तयार पाकीट आणणार असाल तर हिरवा ठिपका आधी बघा. तपकिरी त्रिकोण दिसला, तर आत काय आहे ते वर सांगितलंच आहे.