रोलिंग ३० दिवसांऐवजी २८ दिवस घ्या

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत बाजारांच्या रोजच्या कांदा आवकेवर तुम्ही पॉवर बीआय या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये रोलिंग ३० दिवसांची बेरीज, म्हणजे रोज त्या दिवसापर्यंतच्या शेवटच्या ३० दिवसांची बेरीज, काढली आहे. आधीच्या ३० दिवसांशी आणि गेल्या वर्षाशी ताडून पाहिलं की टक्केवारी रोज उड्या मारते, ही तुमची अडचण. सूत्र बहुधा ठीक असेल, घोळ खिडकीच्या, म्हणजे बेरजेत धरलेल्या दिवसांच्या, लांबीत आहे.

३० दिवसांत कधी ४ रविवार पडतात, कधी ५. रविवारी लिलाव नसले की एकीकडे २६ दिवसांची आवक आणि दुसरीकडे २५ दिवसांची. बाजारात काहीही न घडता ४ टक्के फरक इथेच निघतो. २८ दिवसांत रविवार नेहमी ४च.

डॅक्स या पॉवर बीआयच्या सूत्रभाषेत असं लिहा (फंक्शन्स आणि अंक इंग्रजीत: CALCULATE, SUM, DATESINPERIOD, MAX, DAY):

आवक२८ = कॅल्क्युलेट(सम(आवक[क्विंटल]), डेट्सइनपीरियड(तारीख[दिनांक], मॅक्स(तारीख[दिनांक]), -२८, डे))

आधीच्या खिडकीसाठी मॅक्सच्या (शेवटच्या तारखेच्या) जागी मॅक्स - २८ लिहा, गेल्या वर्षासाठी मॅक्स - ३६४. ३६५ नको, ३६४ म्हणजे नेमके ५२ आठवडे, सोमवारासमोर सोमवारच येतो. गेल्या वर्षीच्या त्याच तारखा देणारं सेमपीरियडलास्टइयर हे फंक्शन तर इथे टाळाच. १५ मार्च २०२४ ला संपणारी २८ दिवसांची खिडकी त्याने मागे नेली तर २९ फेब्रुवारीला जोडीदार मिळत नाही आणि २७च दिवस उरतात.

तारखांचा तक्ता सलग हवा आणि 'डेट टेबल' म्हणून मार्क केलेला हवा. तो वर्षअखेरपर्यंत असेल तर कार्डवर (एकच आकडा दाखवणाऱ्या चौकटीत) मॅक्स ३१ डिसेंबर धरतं आणि आकडा रिकामा येतो. शेवटची तारीख आवकेच्या तक्त्यातून घ्या. आजचे लिलाव चालू असतील तर कालपर्यंतच थांबा. हीच बेरीज एसक्यूएलमध्ये करणार असाल तर 'ROWS BETWEEN 27 PRECEDING' दिवस मोजत नाही, ओळी मोजतं. बंदच्या दिवसाची ओळच नसते, मग खिडकी गुपचूप महिनाभराच्या पुढे ताणली जाते. आधी तारखांच्या तक्त्याला आवक लेफ्ट जॉइन करा, म्हणजे प्रत्येक तारखेची ओळ राहते.

भावाचा रोलिंग आकडा काढताना रोजच्या सरासऱ्यांची सरासरी काढू नका. समजा एका दिवशी १०,००० क्विंटल १,५०० रुपयांनी गेला आणि दुसऱ्या दिवशी १,००० क्विंटल २,००० नी. साधी सरासरी १,७५० येते, पण शेतकऱ्याच्या हाती पडलेला भाव सुमारे १,५४५ आहे. क्विंटल गुणिले भाव यांची बेरीज भागिले क्विंटलची बेरीज, आणि तीही खिडकीच्या पातळीवर. मार्च-एप्रिलमध्ये लाल कांदा ओसरून उन्हाळ सुरू होतो, तेव्हा दोन्ही एकत्र धरून मागच्या २८ दिवसांशी तुलना करण्यात अर्थ नाही. कांद्याच्या प्रकाराचा स्लायसर (निवडीची चाळणी) लावा.

दिवाळी मात्र ३६४ नेही सुटत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ ला संपणाऱ्या खिडकीत १ तारखेचं लक्ष्मीपूजन आहे. तिची जोडी १० नोव्हेंबर २०२३ ला संपते आणि त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ ला होतं. म्हणून बेरजेशेजारी 'प्रति लिलाव-दिवस आवक' दाखवा: बेरीज भागिले आवक असलेल्या दिवसांची संख्या, वेगवेगळ्या तारखा एकदाच मोजणाऱ्या डिस्टिंक्टकाउंटने. ती स्थिर आणि बेरीज खाली असेल तर आवक घटलेली नाही, लिलावाचे दिवस कमी पडलेत.

चार्ट वाचणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. रोलिंग रेषेचा आजचा चढ-उतार म्हणजे आज आत आलेला दिवस वजा बाहेर पडलेला दिवस, बाकी काही नाही. बंदचा आठवडा खिडकीतून निघाला की रेषा आपोआप वर जाते आणि बैठकीत कुणीतरी 'आवक वाढली' म्हणतं. रेषेमागे रोजच्या आवकेचे फिकट स्तंभ ठेवले की हा भ्रम टळतो. टक्केवारी मात्र त्याच चार्टच्या दुसऱ्या अक्षावर कोंबू नका, वेगळं कार्ड करा. पहिले २७ दिवस अर्धवट खिडकीचे असतात, तिथे ब्लँक परत करा; तुलनेच्या रेषांना त्याहून मागचा डेटा लागतो, गेल्या वर्षाच्या रेषेला ३९१ दिवस.