बॅक्टेरियात डीएनएची कॉपी मधेच अडकली तर परत ओरी-सीपासून, म्हणजे कॉपी जिथून सुरू होते त्या ठरलेल्या जागेपासून, सुरू होते का? प्रोटीनला अडकलेली जागा कळते कशी?

नाही, ओरी-सीला परत जात नाही, फोर्क, म्हणजे कॉपीसाठी डीएनएचे दोन धागे उलगडतात तो फाटा, जिथं मोडला तिथूनच पुढे. तिथं अक्षरांचा ठरलेला क्रम (सिक्वेन्स) नसतो त्यामुळे ओरी-सी ओळखणारं डीएनए-ए हे प्रोटीन उपयोगाचं नाही, तिथं प्राय-ए हे प्रोटीन लागतं. ते अक्षरं वाचत नाही, आकार ओळखतं, म्हणजे तीन फाटे मिळतात ती जागा, आणि त्यातही नव्या लीडिंग स्ट्रँडचं (सलग बनत जाणाऱ्या धाग्याचं) थ्री-प्राइम, म्हणजे वाढतं, टोक पकडायला त्याच्यात वेगळा खिसाच आहे. मग प्राय-बी, डीएनए-टी ही प्रोटीनं येतात आणि डीएनए-सी या प्रोटीनकडून डीएनए-बी हे हेलिकेज (धागे उलगडणारं प्रोटीन) परत चढवून घेतात.

मी हे लिहितेय कारण माझं एम.एस्सी.चं प्रोजेक्ट यावरच होतं. ई. कोलायचा प्राय-ए नसलेला म्युटंट, त्या जीनमध्ये कॅनामायसिन अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जीनचा तुकडा (कॅसेट) घालून तो बंद केलेला. कॉलन्या टाचणीच्या टोकाएवढ्या, एलबी या भरपूर खाद्याच्या माध्यमावर तर अजूनच रडत वाढायच्या, मायक्रोस्कोपखाली पेशी लांबच लांब दोऱ्यासारख्या. आणि दर प्लेटवर दोनचार कॉलन्या एकदम टपोऱ्या. सर म्हणाले कंटॅमिनेशन, तुझा हात स्वच्छ नाही, सगळ्यांसमोर म्हणाले आणि प्लेटा ऑटोक्लेव्हला टाकायला लावल्या. मी दोन प्लेटा फ्रिजमध्ये मागे ठेवल्या, रविवारी येऊन पीसीआर लावला, तर टपोऱ्या कॉलन्यांतही कॅसेट तशीच बसलेली, मूळ प्राय-ए गायब. बाहेरचा जंतू असता तर ही बँड आली असती का? यूव्ही दिला तर बारीक कॉलन्या मेल्या आणि टपोऱ्या टिकल्या. हे सप्रेसर होते, म्हणजे दुसऱ्याच कुठल्यातरी बदलामुळे प्राय-ए नसल्याचा त्रास झाकला गेलेले. सँडलर यांच्या ग्रुपनं १९९६ मध्ये दाखवलंय की डीएनए-सीमध्ये एक बदल झाला की प्राय-ए नसतानाही हेलिकेज चढतं. सरांना पीसीआरच्या बँड दिसणारा जेल दाखवला, त्यांनी तो नीट बघितलासुद्धा नाही, रिपोर्टमध्ये कंटॅमिनेशन असंच लिहायला लागलं.

म्हणून कोणी म्हणालं की रिस्टार्ट, म्हणजे अडकलेली कॉपी परत सुरू करणं, ही कधीतरी लागणारी सोय आहे तर मला पटत नाही. प्राय-ए आधी फाय-एक्स-१७४ या फेजच्या (बॅक्टेरियाला लागणाऱ्या विषाणूच्या) कामात सापडलं, पण १९९१ मध्ये बॅक्टेरियातलाच जीन बंद केल्यावर पेशी इतक्या आजारी पडल्या की हे रोजचं काम आहे हे दिसलंच. सप्रेसर इतक्या झटपट वर येतात यावरूनही तेच कळतं.

हो, एक राहिलं, मी डीएनए-सीचं सिक्वेन्सिंग केलं नव्हतं, त्यामुळे बदल तिथंच होता असं मी शपथेवर सांगणार नाही. आणि लीडिंग स्ट्रँडमध्ये मोठी गॅप असेल तर प्राय-सी हे आणखी एक प्रोटीन वेगळ्या वाटेनं काम करतं. बॅसिलस या दुसऱ्या बॅक्टेरियात प्राय-बी, प्राय-सी नाहीतच, तिथं डीएनए-डी वगैरे मंडळी आहेत.

तुम्ही हा म्युटंट वाढवणार असाल तर पहिल्याच दिवशी बारीक कॉलनीचा ग्लिसरॉल स्टॉक करा (ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवा), रात्रभराच्या कल्चरवर भरवसा ठेवू नका, त्यात सप्रेसर वर येतात, आणि टपोरी कॉलनी दिसली तर कोणी काहीही म्हणो, पीसीआर केल्याशिवाय प्लेट टाकू नका.