मॅजिक लँटर्न काढलं तर टाइमलॅप्समधला फ्लिकर जाईल का?

तुमच्याकडे कॅनन 600डी, 18-55 ची किट लेन्स आणि मॅजिक लँटर्न (कार्डवरून चालणारं, कॅननच्या फर्मवेअरवर जादा सोयी देणारं सॉफ्टवेअर) आहे. कास पठारावर भर दुपारी एफ 8 ठेवून मॅन्युअल मोडमध्ये टाइमलॅप्स (ठरावीक अंतराने घेतलेल्या फोटोंचा व्हिडिओ) घेतलात आणि व्हिडिओ लुकलुकतोय, म्हणजे फ्लिकर येतोय. कुणीतरी सांगितलं की दोष फर्मवेअरचा आहे, म्हणून ते काढून बाहेरचा इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने फोटो काढायला लावणारं यंत्र) कोणता घ्यावा असं विचारताय.

काढू नका. दोष लेन्सच्या पात्यांत आहे, म्हणजे उजेडाचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहानमोठं करणाऱ्या पात्यांत.

दोन फ्रेमच्या मधल्या वेळात तुमची लेन्स पूर्ण उघडी असते. शटर पडताना पाती एफ 8 पर्यंत मिटतात आणि फोटो झाला की परत उघडतात. प्रत्येक वेळी ती नेमकी त्याच जागी थांबत नाहीत. 18 एमएमला एफ 8 म्हणजे समोरून दिसणारं छिद्र जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचं. त्यात 0.05 मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी उजेड साडेचार टक्क्यांनी बदलतो. एकट्या फोटोत हे कुणालाच दिसणार नाही, पण सेकंदाला 25 फ्रेम धावायला लागल्या की लगेच डोळ्यांत खुपतं. अ‍ॅपर्चर जितकं लहान, म्हणजे एफचा आकडा जितका मोठा, तितका त्रास जास्त.

साताऱ्यातल्या एका ज्येष्ठ फोटोग्राफरांशी माझा यावरून जुना वाद आहे. मॅजिक लँटर्न टाकलं की कॅमेरा गेला, हे ते प्रत्येक नव्या पोराला सांगतात. म्हणून एकदा त्यांच्यासमोरच चाचणी मांडली. तुम्हीही घरी करा. रात्री खोली बंद करायची, कोऱ्या भिंतीवर एलईडी बल्बचा उजेड पाडायचा आणि दहा मिनिटं तो तापू द्यायचा. फिलामेंटचा पिवळा बल्ब नको, आपल्याकडे व्होल्टेज हललं की त्याचा उजेडही हलतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरावीक, शटर पूर्ण 1 सेकंद. विजेवरचा दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, 1 सेकंदात त्याची सरासरी निघते. आता 18 एमएमला एफ 3.5, आयएसओ 100 वर 60 फ्रेम घ्या. मग एफ 8, आयएसओ 400 वर 60 फ्रेम. त्यानंतर सेट बटण दाबून धरून कॅमेरा चालू करा, म्हणजे मॅजिक लँटर्न लोडच होत नाही, आणि वायरच्या रिमोटने हेच दोन्ही संच पुन्हा घ्या. आमच्या चाचणीत एफ 8 चे दोन्ही संच लुकलुकले, एफ 3.5 चे दोन्ही स्थिर राहिले. बॉडी, लेन्स, कार्ड तेच होतं. ते पाहूनही त्यांचं म्हणणं, फ्लिकर काय, नंतर सॉफ्टवेअरने निघतो. त्याचं उत्तर पुढे देतो.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवणं. मग पातीच हलत नाहीत. एफ 8 ला 1/125 बसत असेल तर एफ 3.5 ला 1/640 च्या आसपास जावं लागतं. इतकं वेगवान शटर नको, तिथे शटरच्या स्वतःच्या वेळेतली चूक दिसायला लागते. एनडी 64 (उजेड 64 पटीने कमी करणारी काळी काच) लावा, म्हणजे 1/10 वर याल. फुलं वाऱ्यावर मऊ हलतील तेही बरं दिसतं.

एफ 8 हवाच असेल तर लेन्स फिरवायची. आधी फोकस करून घ्या. एसटीएम लेन्स असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण तिची फोकस रिंग विजेवर चालते. अ‍ॅपर्चर एफ 8 ठेवा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण (ते दाबलं की पाती मिटतात) दाबून धरा, ते न सोडता लेन्स काढायचं बटण दाबा आणि काढताना फिरवतो तशी लेन्स थोडीशीच फिरवा. संपर्क तुटला की पाती मिटलेल्या जागीच राहतात आणि स्क्रीनवर अ‍ॅपर्चरच्या जागी 00 दिसतं. आता लेन्स खटक्यात अडकलेली नाही, म्हणून बॉडी आणि लेन्सवरून कापडी टेपची पट्टी ओढा. पठारावर वाऱ्यात लेन्स गळून पडली तर नुकसान तुमचं. त्याहून चांगली गोष्ट म्हणजे हाताने अ‍ॅपर्चर फिरवायची जुनी निकॉन लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून वापरणं. निकॉनचं माउंट ते सेन्सर अंतर 46.5 मिलिमीटर, कॅननचं 44, त्यामुळे अ‍ॅडॅप्टर मध्ये बसतो आणि अनंतावर फोकस होतो. मी याच मताचा आहे आणि राहीन.

आता सॉफ्टवेअर. एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ सॉफ्टवेअरमधला डीफ्लिकर फिल्टर आजूबाजूच्या फ्रेमची सरासरी घेऊन प्रत्येक फ्रेमचा उजेड तिच्याकडे ओढतो. मुळात 5 फ्रेमची खिडकी असते, तितकीच ठेवा. ती वाढवलीत की कासवर सरकणाऱ्या ढगांच्या सावल्याही पुसल्या जातात, आणि त्यासाठीच तर तुम्ही तिथे गेलात. शिवाय मोजणी सगळ्या फ्रेमची होते, त्यामुळे वर पांढरा ढग आला की खाली फुलं काळवंडतात. एलआरटाइमलॅप्स या टाइमलॅप्सच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजायचा चौकोन निवडता येतो, ते जास्त बरं. पण मुळात स्थिर घेतलेली फ्रेम ती स्थिरच.

मॅजिक लँटर्न कुठे त्रास देतं तेही सांगतो. त्यातलं ऑटो ईटीटीआर चालू राहिलं तर ते स्वतःच एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) बदलतं. सूर्यास्ताला ते हवं, पण रॉमध्येच (सेन्सरचा कच्चा फोटो) घ्या आणि सोबत पोस्ट डीफ्लिकर मॉड्यूल चालू ठेवा, ते प्रत्येक फोटोसोबत दुरुस्तीची एक्सएमपी फाइल लिहितं. दुपारी दोन्ही बंद. ड्युअल आयएसओ (एकाच फोटोत दोन आयएसओ वापरणारी सोय) चुकून चालू असेल तर आडव्या पट्ट्या येतील, तो फ्लिकर नव्हे. कॅननच्या मेनूतलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर रात्री मधल्या फ्रेम गळतात. जेपेगमध्ये घेत असाल तर ऑटो लायटिंग ऑप्टिमायझरही (फोटोचा उजेड आपोआप बदलणारी सोय) बंद. 600डीला कॅननचं फर्मवेअर 1.0.2 लागतं, 1.0.3 असेल तर आधी खाली आणा. कार्ड संगणकावरून पुसून कॅमेरा अडकला, तर बॅटरी काढून दुसरं साधं कार्ड घाला. कॅमेरा त्यावरून चालू व्हायला बघतो असं बूट होणारं कार्ड आणि त्यावर मॅजिक लँटर्नची ऑटोएक्झेक फाइल नाही, एवढंच कारण असतं.

सांगलीत आयर्विन पुलावरून संध्याकाळी घेणार असाल तर दिव्यांमुळे 1/25, 1/50 किंवा 1/100 च ठेवा. काही एलईडी पाट्या वेगळ्याच वारंवारतेने चालतात, तिथे हेही पुरत नाही, शटर 1 सेकंदाच्या पुढे न्या.

इंटरव्हलोमीटरचं म्हणाल तर 600डीला 2.5 मिलिमीटरच्या पिनचा कुठलाही साधा चालतो, पण फ्लिकरसाठी घेऊ नका. आणि एक राहिलंच: तुमच्या व्हिडिओत उजेड फ्रेमगणिक न उडता हळूहळू कमी होत गेला असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून समोरची काच बघा. कासच्या धुक्यात तिच्यावर दव धरतं.