वाचकांचे प्रश्न : बल्ब बदलण्याआधी व्होल्टेज बघा

प्रश्न : गाडी नऊ वर्षांची आहे. रात्री पसरणी घाट उतरताना डिपरवर वळणाची कड दिसत नाही. गॅरेजवाले १००/९० वॉटचे बल्ब टाका म्हणतात. टाकू का? (एक वाचक, वाई)

उत्तर : नको. तुमच्या गाडीला एच-४ (एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिपर) बल्ब असेल तर तो ६०/५५ वॉटचा, म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५, असतो आणि होल्डर, वायर, स्विच सगळं त्याच हिशेबाने दिलेलं असतं. ६० वॉटला १२ व्होल्टवर पाच अँपिअर लागतात, १००ला आठच्या वर. होल्डर आधी तपकिरी पडतो, मग वितळतो.

आधी हेडलाइटची काच बघा. ही काच म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेट. उन्हाने वरचा थर गेला की पिवळी पडते. १०००, २००० आणि ३००० नंबरच्या वॉटर पेपरने याच क्रमाने, पाणी सोडत घासा, मग पॉलिश करा आणि वरून यूव्ही कोटिंग द्या. टूथपेस्टने चमक येते, पण टिकत नाही. कोटिंग नसेल तर पॉलिशही काही महिन्यांत परत पिवळं.

काच स्वच्छ असूनही उजेड कमी असेल तर मल्टिमीटर काढा. इंजिन चालू, डिपर चालू ठेवून बॅटरीवर मोजा : साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट. आता बल्बच्या कनेक्टरमागून, बल्ब जोडलेला असतानाच मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर तो वाटेत, वायर आणि जोडांत, खर्च होतोय. दहा टक्के व्होल्टेज घटलं की हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो, म्हणून हे किरकोळ समजू नका. एकच बाजू मंद असेल तर बहुतेक वेळा दोष त्या बाजूच्या अर्थिंगचा (गाडीच्या बॉडीला बोल्टने जोडलेल्या वायरचा) : बोल्ट सोडा, खालचा गंज आणि रंग खरवडा, घट्ट आवळा. दोन्ही बाजू मंद असतील तर फ्यूजसह रिले (बॅटरीची वीज थेट बल्बला देणारा स्विच) बसवून घ्या.

बल्ब बदलायचाच झाला तर दोन्ही एकदम बदला. बल्बच्या काचेला बोट लागू देऊ नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा, नाहीतर तेलकट डागापाशी काच जास्त तापून फुटते. मागचं रबर बूट (बल्बमागचं रबरी झाकण) नीट बसवा.

शेवटी फोकस. टायरमध्ये योग्य हवा, चालक सीटवर, हेडलाइट वर-खाली करणारं लेव्हलचं बटण शून्यावर. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. उजेडाची वरची रेघ बल्बच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली हवी आणि डाव्या बाजूला ती वर चढायला हवी. खूप खाली ठेवलीत तर हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली दिसेपर्यंत उशीर होतो. (त्या दिव्यांबद्दल ट्रॉलीवाल्यांना कोण विचारणार, हा वेगळा प्रश्न.)

प्रश्न : डावा इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकतो. फ्लॅशर गेला का? (एक वाचक, कराड)

उत्तर : बहुधा नाही. डाव्या बाजूचा एखादा २१ वॉटचा बल्ब गेलाय. लोड कमी झाला की फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) मुद्दाम घाई करतो. पुढचा-मागचा दोन्ही बघा. एलईडी टाकला असेल तरी हेच होतं. नारिंगी बल्बच्या पिना साध्या बल्बसारख्या समोरासमोर नसतात, जोर लावून बसवू नका.

प्रश्न : महाबळेश्वरच्या पावसात हेडलाइटच्या आत वाफ धरते. (एक वाचक, सातारा)

उत्तर : पातळ वाफ असेल आणि दिवे लावल्यावर अर्ध्या तासात जात असेल तर सोडून द्या. थेंब ओघळत असतील किंवा तळाला पाणी साचलं असेल तर सील किंवा रबर बूट फाटलंय. मागची हवेची भोकं मात्र सिलिकॉनने बुजवू नका. मग आतलं पाणी आतच राहतं आणि रिफ्लेक्टर काळा पडतो.